तांब्याच्या पत्र्यावरील रणांगण



युद्ध ही वस्तु भयंकर खरी. पण युद्धाचें चित्र मात्र मनुष्यानें आपल्या घरांत, देवळांत आणि ग्रंथांत मोठ्या हौसेनें लावून ठेवलें आहे. प्रत्यक्ष रक्तपात ज्याला पाहवणार नाहीं असा सौम्य गृहस्थहि महिषासुराचें शीर उडविणाऱ्या देवीच्या तसबिरीला रोज हार घालतो. याचा अर्थ एवढाच कीं, चित्रांतील लढाई ही नुसती लढाई नसते. ती कशाची तरी खूण असते. ती कशाची खूण, ती कोणीं ठरविली आणि ती ठरविण्यांत पाहणाऱ्याचा वांटा किती, या तीन प्रश्नांचा आज थोडक्यांत विचार करावयाचा आहे. त्यासाठीं आपण शेवगांवच्या परिसरापासून निघून इटलीतील फ्लॉरेन्स नगरापर्यंत जाऊं आणि तेथून मिरज-पुण्याच्या वाटेनें पुन्हां आपल्या घरच्या भिंतीपाशीं येऊं.

शेवगांवाहून उत्तरेस गोदावरी ओलांडली कीं पैठण लागतें. आज या मुलुखांत नाथसागराचें पाणी पसरलेलें आहे. परंतु त्याच्या दोन्ही कांठचा प्रदेश हा फार जुन्या वस्तीचा, सातवाहनांपासून यादवांपर्यंत अनेक राजवटी पाहिलेला. महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणें या बाजूसहि गांवच्या वेशींत किंवा जुन्या महादेवाच्या आवारांत उभे दगड आढळतात. शेंदूर फासला गेल्यामुळें त्यांतील कांहीं देव होऊन बसले आहेत. ते वीरगळ होत. वीरगळाची रचना ठराविक असते. सर्वांत खालच्या चौकटींत झुंज चाललेली असते. पुष्कळदां तिच्या कडेला गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गांवचें गोधन पळविणाऱ्यांशीं लढतांना हा पुरुष पडला असें समजावें. मधल्या चौकटींत अप्सरा त्याला वर नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. हे आकाशांत आहेत तोंवर याची कीर्ति राहो, असा त्याचा आशय. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा दगड जिंकणाऱ्याचा नव्हे, तो पडलेल्याचा आहे. चित्र खालून वर वाचावयाचें आणि वाचतां वाचतां पराभवाचा विजय झालेला पाहावयाचा, अशी ही युक्ति आहे.

दुसरी परंपरा चित्रकथ्यांची. कागदावर रंगविलेलें एकेक चित्र श्रोत्यांपुढें धरून त्यावरची कथा गाऊन सांगणारे हे लोक. सिंधुदुर्गांतील पिंगुळीचे चित्रकथी आजहि प्रसिद्ध आहेत. पैठण येथें मिळाल्यामुळें ‘पैठणची चित्रें’ या नांवानें ओळखला जाणारा असाच एक मोठा संच संशोधकांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. मोठे वाटोळे डोळे, एका बाजूनें काढलेले चेहरे, ठळक रेषा आणि तांबडा, पिवळा, हिरवा असे भडक रंग, हें त्यांचें रूप. रामायण-महाभारतांतील युद्धें हा या कथेकऱ्यांचा आवडता विषय. अर्जुन आणि त्याचाच पुत्र बभ्रुवाहन यांची झुंज घ्या. पुत्राच्या बाणानें पिता कोसळतो आणि नागकन्या उलूपीच्या मण्यानें पुन्हां उठतो. या लढाईंत शत्रु कोण आणि आप्त कोण? रात्रीं दिव्याच्या उजेडांत ती कथा ऐकणाऱ्या शेतकऱ्यालाहि हा प्रश्न पडल्यावांचून राहत नसेल. हा प्रश्न आपण बरोबर घेऊं, कारण फ्लॉरेन्समध्यें त्याचा उपयोग होणार आहे.

पंधराव्या शतकांत इटलीमध्यें प्राचीन ग्रीस व रोम यांच्या विद्येचा आणि कलेचा नव्यानें शोध सुरू झाला. जमिनींतून निघालेल्या संगमरवरी शवपेट्यांवर जुन्या लढाया कोरलेल्या होत्या; त्यांतील उघड्या, पीळदार देहांचे वीर पाहून चित्रकारांना वेड लागलें. त्याच सुमारास तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे कागदावर ठसे उठविण्याची कला तेथें रूढ होत होती. ही कला चित्रकारांनीं काढलेली नसून सोनारांकडून आलेली होती. तिची कृति अशी: तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा करावयाचा, पोलादी टोकाच्या टाकीनें त्यावर रेषा खोदावयाच्या, खोदलेल्या चरांत शाई भरून वरचा पृष्ठभाग स्वच्छ पुसावयाचा, मग ओलसर कागद ठेवून तो पत्रा दोन रुळांमधून दाबून काढावयाचा. चरांतली शाई कागद उचलतो आणि चित्र उमटतें. मात्र उलटें उमटतें. पत्र्यावर उजव्या हातांत असलेली तलवार कागदावर डाव्या हातांत जाते. रंग नाहीं, छाया-प्रकाशहि सर्व रेषांनींच साधावयाचा. अशा कामाला ताणलेले स्नायु आणि वळलेले देह यांच्यासारखा दुसरा विषय नाहीं. म्हणून प्राचीन वीरांची झुंज ही या नव्या कलेची जणुं परीक्षाच ठरली.

या परीक्षेंत पहिला मान फ्लॉरेन्सचा सोनार, शिल्पी आणि चित्रकार अंतोनिओ पोलायुओलो याचा. त्याच्या हातचें तांब्यावर कोरलेलें एकच चित्र उपलब्ध आहे. तें बहुधा १४७० ते १४८० च्या दरम्यानचें असून ‘नग्न वीरांचें युद्ध’ या नांवानें ओळखलें जातें. सुमारें दोन फूट लांब आणि दीड फुटाहून थोडें कमी उंच असें तें चित्र. त्या काळाच्या मानानें हा आकार प्रचंडच म्हणावयाचा. त्याच्या पहिल्या अवस्थेंतील एकच ठसा आज शिल्लक असून तो अमेरिकेंतील क्लीव्हलंडच्या संग्रहालयांत आहे. चित्रांत दहा पुरुष तलवारी, परशु, धनुष्य, खंजीर घेऊन एकमेकांवर तुटून पडले आहेत. मागें झाडी इतकी दाट आहे कीं पळावयास वाट नाहीं. तींत द्राक्षवेली आहेत आणि आपल्याकडील ज्वारीच्या ताटांची आठवण व्हावी अशीं उंच ताटेंहि आहेत. डावीकडे झाडाला एक पाटी टांगली असून तीवर कलावंतानें आपलें नांव आणि गांव लॅटिन भाषेंत स्वच्छ अक्षरांत कोरलें आहे.

आपल्याकडील जत्रेंतले कुस्त्यांचे फड ज्यानें जवळून पाहिले आहेत, त्याला या चित्राची खुबी लवकर उमगेल. मांडीचा कोणता स्नायु ताणला म्हणजे पाठीचा कोणता सैल पडतो याचा अभ्यास येथें जागोजाग दिसतो. पोलायुओलोनें शरीररचना समजून घेण्यासाठीं प्रेतांची चिरफाड केली होती, असें सोळाव्या शतकांतील चरित्रकार वासारी यानें लिहून ठेवलें आहे. पण खरें कोडें यापुढें आहे. मध्यभागीं जे दोन वीर आहेत त्यांनीं एकच साखळी दोन टोकांना धरली आहे आणि दुसऱ्या हातांत तलवार उगारली आहे. दोघांची ठेवण जवळजवळ एकच. एक समोरून दिसतो, दुसरा पाठमोरा. जणुं एकच पुरुष स्वतःशींच लढतो आहे. पांच जणांच्या कपाळाला पट्टी बांधलेली आहे, पांचांच्या नाहीं. पण या खुणेवरून दोन पक्ष पाडूं गेलें तरी लढाईचा उलगडा होत नाहीं. ध्वज नाहीं, राजा नाहीं, देव नाहीं, आणि जिंकला असें ज्याला म्हणावें असा कोणीहि नाहीं. जो उताणा पडला आहे त्याच्याहि हातचें शस्त्र सुटलेलें नाहीं.

मग ही खूण कशाची? पंडितांनीं अनेक उत्तरें दिलीं. कोणी म्हणालें, थोर पुरुषाच्या मृत्यूनंतर रोमन लोक गुलाम योद्ध्यांच्या झुंजी लावीत, तो हा देखावा. कोणी म्हणालें, ही साखळी म्हणजे देहाचें बंधन आणि हा आत्म्याचा झगडा. कोणी म्हणालें, यांत अर्थ शोधूंच नका. इतर कलावंतांनीं उतरवून घ्यावे यासाठीं काढलेले हे देहाचे नमुने आहेत. हीं उत्तरें परस्परांना मारक नाहींत. परंतु बभ्रुवाहनाची कथा ज्यांच्या कानांवर आहे त्यांना आणखी एक गोष्ट सहज दिसेल. वैरी आणि आपण यांचा सांचा एकच आहे, ही जाणीव त्या दोन मधल्या वीरांत उतरलेली आहे. मग ती कलावंताच्या मनांत असो वा नसो.

त्याच पिढींतला मांतुआ येथील आंद्रेआ मांतेन्या हा अधिक बोलका. त्यानें दोन पत्र्यांवर मिळून ‘सागरदेवांचें युद्ध’ कोरलें. अर्धे मनुष्य आणि अर्धे मत्स्य असे जलचर देव माशांचे जुडगे आणि हाडें घेऊन एकमेकांना बडवीत आहेत. आणि डाव्या टोकाला एक वाळलेली, स्तन लोंबलेली म्हातारी हातांत पाटी घेऊन ओरडते आहे. त्या पाटीवर तिचें नांव आहे: असूया. हें युद्ध कोणी लावलें याचें उत्तर येथें कलावंतानें लिहूनच दिलें आहे. हें चित्र आल्प्स ओलांडून जर्मनींत गेलें आणि १४९४ मध्यें तेवीस वर्षांच्या आल्ब्रेख्त ड्यूररनें त्यांतील भाग लेखणीनें उतरवून घेतला. मूळ भित्तिचित्र पाहावयाचें तर इटलीला जावें लागतें. ठसा मात्र व्यापाऱ्याच्या गाठोड्यांतून कोठेंहि जातो, हा या कलेचा विशेष. पुढें सुमारें १४९८ मध्यें ड्यूररनें स्वतः हर्क्युलिसचें चित्र कोरलें. त्यांत सद्गुणरूपी स्त्री सोटा उगारून भोगरूपी स्त्रीवर धांवून गेली आहे आणि हर्क्युलिस झाडाचें खोड आडवें धरून उभा आहे. तो सद्गुणाला साह्य करतो आहे कीं भोगाला वांचवितो आहे, हें निश्चित सांगतां येत नाहीं. आपलें मन तरी अशा वेळीं निश्चित कोठें सांगतें?

येथें आपल्याकडे काय चाललें होतें तें पाहिलें पाहिजे. पैठणचे एकनाथ महाराज हे सोळाव्या शतकाचे. १५९९ हें त्यांच्या समाधीचें वर्ष. आयुष्याच्या अखेरीस ते भावार्थ रामायण रचीत होते आणि युद्धकांडाच्या मध्यावर ग्रंथ थांबला; उरलेला भाग त्यांचा शिष्य गावबा यानें पुरा केला असें मानतात. म्हणजे गोदातीरीं राम-रावणांचें युद्ध ओवींत उतरत होतें त्याच दशकांच्या आसपास, १५८९ मध्यें, हॉलंडमध्यें हेंड्रिक गोल्त्सियस हा अवाढव्य स्नायूंचा हर्क्युलिस तांब्यावर कोरीत होता. स्पेनशीं झगडणाऱ्या आपल्या देशाचें बळ त्यानें त्या रूपानें दाखविलें, असा कांहीं अभ्यासकांचा कयास आहे. नाथांच्या ग्रंथाच्या नांवांतच ‘भावार्थ’ आहे: युद्ध बाहेरचें, पण अर्थ आंतला. मराठी संतवाङ्मयांत काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सहा शत्रु आणि साधकाचें मन हें रणांगण, ही भाषा घरोघर मुरली. मांतेन्याची असूया आणि आपला मत्सर हे एकाच सैन्याचे सरदार होत.

या दोन जगांची कागदावर गांठ पडली ती गोव्याच्या वाटेनें. १५५६ मध्यें हिंदुस्थानांतील पहिला छापखाना गोव्यास आला. १५७९ च्या अखेरीस तेथून जेझुइट पाद्री निघाले आणि १५८० मध्यें अकबराच्या दरबारीं पोहोंचले. त्यांनीं नेलेल्या नजराण्यांत कोरीव चित्रांनीं सजलेलें छापील बायबल होतें. अशा चित्रांचा दरबारी चितारी बारकाईनें अभ्यास करूं लागले. १६०० मध्यें अबुल हसन नांवाच्या बालचित्रकारानें ड्यूररच्या ठशावरून काढलेली एक आकृति आजहि ऑक्सफर्डच्या संग्रहालयांत आहे.

मराठी मुलुखांत तांब्यावर कोरून छापण्याचा उद्योग मात्र बऱ्याच उशिरां झाला, आणि त्याची कथा मोठी मनोरंजक आहे. सवाई माधवरावांच्या काळीं इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हा पुण्यास होता. त्याच्यामुळें जेम्स वेल्स हा चित्रकार तेथें आला आणि शनिवारवाड्यांत चित्रकलेची शाळा निघाली. गंगाराम तांबट हा तिच्यांतील नामांकित शिष्य. याच वातावरणांत तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरें कोरून भगवद्गीता छापावी असा बेत निघाला आणि त्याला नाना फडणिसांचा आश्रय होता, असें सांगतात. १८०० मध्यें नाना गेले आणि बेत मोडला. परंतु तो कारागीर पटवर्धनांच्या आश्रयास मिरजेला गेला आणि १८०५ मध्यें तेथें ती गीता छापून निघाली. पोलायुओलो सोनार होता, हा तांबट होता. धातूवर हात बसलेला मनुष्यच दोन्ही ठिकाणीं छपाईचा आद्य कारागीर ठरावा, हें स्वाभाविक आहे. प्रत्येक अक्षर उलटें कोरावयाचें म्हणजे किती चिकाटी लागली असेल! आणि या कलेच्या आरंभालाच मराठी मनानें कोणता ग्रंथ निवडला? दोन सैन्यें समोरासमोर उभीं आहेत, दोन्हींकडे आप्तच आहेत आणि मध्यें रथ थांबला आहे, अशा प्रसंगानें सुरू होणारा. पोलायुओलोच्या चित्रांत जो प्रश्न मुका राहिला, तोच येथें अर्जुनाच्या मुखानें बोलतो.

पुढची कथा आपणांस अधिक परिचित आहे. १८७८ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास चित्रशाळा काढली; १८९४ मध्यें राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईस निघून पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तांब्याची जागा शिळेनें घेतली, रेषेंत रंग आला, आणि जी मूर्ति पूर्वीं देवळांत जाऊन पाहावी लागे ती अल्प मोलांत घराच्या भिंतीवर आली. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या शेवगांवसारख्या गांवांतील वाड्यांनाहि त्यामुळें एकाच चित्रानें मुंबई-पुण्याशीं जोडलें. रविवर्म्याचा ‘जटायुवध’ पाहा. रावणाचें खड्ग चाललें आहे, पक्षिराजाचा पंख तुटला आहे आणि सीतेनें तोंड झांकून घेतलें आहे. युद्ध हरलेलें आहे. तरी आपण हात जोडतों ते पडणाऱ्याला. वेशींतल्या वीरगळाचा जो धर्म, तोच या रंगीत कागदाचा.

परंतु प्रतीक नेहमीं इतकें निरुपद्रवी राहत नाहीं. १९०७ मध्यें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलें. महाभारतांतील ती जुनी झुंज. पण प्रेक्षकांनीं कीचकांत लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदींत परवश मायभूमि पाहिली, युधिष्ठिरांत मवाळ आणि भीमांत जहाल पाहिले. सरकारनेंहि तोच अर्थ वाचला आणि १९१० मध्यें नाटकावर बंदी आली. सत्तेपुढें ज्यांना उघड बोलतां येत नव्हतें त्यांना पुराणांतल्या मल्लानें वाचा दिली, ही त्या प्रतीकाची थोरवी. पण त्याच शक्तीची दुसरी बाजूहि विसरतां कामा नये. असुराचा चेहरा चित्रांत मोकळा असतो. त्याला कोणाचें तोंड लावावयाचें हें पाहणारा ठरवितो. तें तोंड जुलमी सत्तेचें असेल तर चित्र धैर्य देतें. तेंच तोंड शेजाऱ्याचें, परजातीच्या किंवा परधर्माच्या निरपराध माणसाचें केलें, तर तेंच चित्र विष होतें. चित्र बदललेलें नसतें. भाविकाचें बोट मात्र भलतीकडे वळलेलें असतें. आणि छापील चित्राच्या हजारों प्रती निघत असल्यानें तें बोटहि हजारों घरांत एकाच वेळीं वळतें. शिळेवरचा वीरगळ एका गांवचा होता. त्याच्या अर्थाला गांवच्या स्मरणाची मर्यादा होती. छापील रणांगणाला वेस नाहीं.

तेव्हां लढाईचें चित्र पाहतांना तीन प्रश्न आपण आपल्याला घालावे असें मला वाटतें. पहिला वीरगळाचा: यांत पडला कोण, आणि तो कोणासाठीं पडला? दुसरा मांतेन्याचा: ही झुंज कोणीं लावली, कोपऱ्यांत पाटी धरून कोणी उभें आहे काय? आणि तिसरा पोलायुओलोच्या त्या दोन जुळ्या वीरांचा: समोरच्याच्या देहांत माझीच ठेवण दिसते कीं नाहीं? घरांतील मुलें तसबिरीकडे बोट दाखवून, “हा राक्षस कोण?” असें विचारतात. त्या वेळीं उत्तर देणाऱ्या वडील माणसावर फार मोठी जबाबदारी असते. संतांनीं एक उत्तर सहा नांवांनीं सांगून ठेवलें आहे, आणि त्यांतला एकहि शत्रु आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाहीं. तें उत्तर मुलांना आधीं सांगावें. मग बाहेरच्या जुलमाशीं लढावयाची वेळ आलीच, तर हातांतलें शस्त्र कोणावर उचलावें आणि कोणावर उचलूं नये, याचा विवेक त्यांना राहील.